फावडेवीर गेला, नाश्ता आहे!

परीक्षितचं एक ठाम मत होतं. बंद पडत आलेली कुठलीही गोष्ट नीट रीलाँच केली की धावायला लागते. मोबाइल, मोटार, राजकीय पक्ष, फार काय, लग्नसुद्धा! हे मत त्याने बायकोला, म्हणजे अंतराला, इतक्यांदा ऐकवलं होतं की हल्ली 'लग्नसुद्धा' आलं की ती उठून भांडी लावायला जायची.

तर ह्या परीक्षितच्या हातात मिशिगनमधल्या नोव्हायच्या मराठी मंडळाने एक बंद पडत आलेली गोष्ट खरोखरच दिली. 'हिमवीर संघ'!

हिमवीर संघ म्हणजे मंडळाच्या पाडवा अंकात वर्षातून एकदा येणारं कॉमिक. ऐंशीच्या दशकात कुमार काकांनी ते सुरू केलं. काका मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर होते. इंजिन ज्या पट्टीने आखायचे त्याच पट्टीने घरी सुपरहिरो आखायचे. मिशिगनवर दर हिवाळ्यात हिमासुर चाल करून यायचा आणि चार वीर त्याला पिटाळून लावायचे. एका फावड्यात अख्खं वादळ कॅनडात भिरकावणारा फावडेवीर. कुकरच्या वाफेने बर्फ वितळवणारी शिट्टीसम्राज्ञी. कोणाच्याही घरात काय चाललंय ते स्वतःच्या घरातून पाहणारी गरुडाक्षी. आणि कार्यक्रमानंतर खुर्च्या उचलायची वेळ आली की नेमका गायब होणारा अदृश्यराव!

मंडळाची एक पिढी ह्या कॉमिकवर मराठी वाचायला शिकली. पण ती पिढी आता शिकागो आणि सिअ‍ॅटलला गेली, आणि कुमार काकांचा हात कापायला लागला. सरळ रेघ काढायला जावं तर नदी वाहायची.

"हा एक अंक तू कर," काका परीक्षितला म्हणाले. "जमला तर संघ तुझा. नाही जमला तर कमिटी ती पानं बंद करणार आहे. तिथे घरं विकणाऱ्याची जाहिरात येईल."

परीक्षितचा ऊर भरून आला. लहानपणी नागपूरला गणिताच्या वहीत सुपरहिरो काढल्याबद्दल त्याने मार खाल्ला होता. त्या माराचं आज चीज होत होतं!

"पण आधी बस," काका म्हणाले. "एकेका वीराची गोष्ट सांगतो. हे कोण, कुठून आले..."

"काका, बॅकस्टोरी मला पाठ आहे! आय हॅव रेड एव्हरीथिंग!"

हे खोटं होतं. जुने अंक त्याने चाळले होते, तेही नुसती चित्रं बघत, तेही मॅच बघता बघता.

"बरं," काका म्हणाले. "पण काही मोठं करणार असशील तर विचार हो मला."

"काका, ट्रस्ट मी!"

मराठी माणूस 'ट्रस्ट मी' असं इंग्रजीत म्हणाला की ओळखावं, पुढे खड्डा आहे.

"रीलाँचचा पहिला नियम काय?" त्याने घरी येऊन अंतराला विचारलं. "कोणीतरी मेलं पाहिजे!"

"का पण?"

"एक हिरो मारला की खळबळ होते! सगळ्या मोठमोठ्या कॉमिक्समध्ये हेच करतात. त्याशिवाय लोक विकत घेत नाहीत."

"अंक फुकट असतो."

"तेच ना यार! फुकटसुद्धा घेत नाहीत!"

आता मारायचं कोणाला? शिट्टीसम्राज्ञी लोकप्रिय होती. गरुडाक्षीला मारायची त्याला का कोण जाणे भीती वाटली. अदृश्यराव मेला तर कळणार कोणाला? राहिला फावडेवीर. जाड मिशा, डोक्याला माकडटोपी, हातात फावडं.

"हा एकदम आउटडेटेड आहे," परीक्षित म्हणाला. "आता सगळ्यांकडे बर्फ उडवायला स्नोब्लोअर आहेत. ह्याचं काम काय?"

हे तो कोण बोलत होता? गेल्या उन्हाळ्यात चँडलरहून बदलून आलेला माणूस! अ‍ॅरिझोनात आठ वर्षं काढलेला! तोवर त्याने बर्फ पाहिलं होतं ते सरबतात. नोव्हायला तो राहायचा भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये, तिथलं बर्फ कॉम्प्लेक्सची माणसं उचलायची. फावडं त्याने आयुष्यात हातात धरलं नव्हतं. शेजारी त्याची नऊ वर्षांची मुलगी अनया होमवर्क करत होती, तिने मात्र बाबाचं वाक्य नीट ऐकून ठेवलं. मुलांना आपण सांगतो ते ऐकू येत नाही, आपण बोलतो ते बरोबर ऐकू येतं.

पाडवा दोन आठवड्यांवर आला तेव्हा परीक्षितने टीझरचं पोस्टर केलं. काळी पार्श्वभूमी, कोपऱ्यात तेवती समई, मध्ये फावडेवीराचं कुमार काकांनी काढलेलं जुनं चित्र, चित्राला झेंडूचा हार. वर 'भावपूर्ण श्रद्धांजली'. खाली 'आपल्या सर्वांचे लाडके फावडेवीर. आपला आधारवड हरपला.' आणि अगदी तळाशी, 'हिमवीर संघ, नवा अंक पहिला, पाडव्याला येत आहे!'

ही तळाची ओळ महत्त्वाची. फोनवर लांबट चित्र आलं की त्याचा खालचा भाग कापलेला दिसतो. पूर्ण बघायचं तर चित्रावर बोट दाबावं लागतं. आणि आपल्या लोकांनी श्रद्धांजलीचं चित्र उघडून पाहिल्याचं आजवर कोणी ऐकलेलं नाही. काळा रंग दिसला, हार दिसला, की अंगठा आपोआप जोडलेल्या हातांकडे जातो.

आता एक गोष्ट परीक्षितचं घर सोडून अख्ख्या मंडळाला माहीत होती. फावडेवीर खरा होता. त्याचं नाव रवींद्र काका.

ऐंशीच्या दशकात इथे नवीन आलेल्या मराठी कुटुंबांना बर्फाचं काय करायचं तेच कळत नसे. तेव्हा रवींद्र काका कामावर जायच्या आधी माकडटोपी घालून निघायचे आणि ओळखीच्या एकेका घराच्या दारातला गाडीरस्ता, म्हणजे ड्राइव्हवे, साफ करून द्यायचे. कोणी चहाला बोलावलं तर "उशीर होतोय" म्हणून पळायचे. कुमार काकांनी ह्या मित्राचं चित्र काढलं, आणि तेव्हापासून ते मंडळाचे फावडेवीर झाले. कित्येकांना त्यांचं खरं नावही आठवायचं नाही. आणि ह्याच जानेवारीत त्यांची बायपास झाली होती. परीक्षितला ते माहीत होते एवढेच, की कार्यक्रमाला पहिल्या रांगेत गुडघ्यांवर शाल घेऊन बसणारे एक शांत आजोबा.

शनिवारी सकाळी त्याने पोस्टर मंडळाच्या ग्रुपवर टाकलं, आणि धो धो मेसेज सुरू झाले. जोडलेले हात, जोडलेले हात, ॐ शांती, जोडलेले हात!

"अंतरा!" परीक्षित ओरडला. "अगं, अख्खं मंडळ रोल-प्ले करतंय!"

कोणीतरी विचारलं, "अरे देवा! कधी?"

परीक्षितने उत्तर दिलं, "आत्ताच! सगळ्यात आधी ह्याच ग्रुपवर कळवतोय!" सोबत एक हसरा चेहरा.

"कशाने गेले?"

"ते आत्ता नाही सांगणार! सस्पेन्स आहे!"

मग एका समंजस काकांनी लिहिलं, "बरोबर आहे. घरच्यांची प्रायव्हसी जपू या."

"फार त्रास झाला का हो?"

"छे! शेवटपर्यंत झकास लढला!"

"वहिनी कशा आहेत?"

इथे परीक्षित गोंधळला. फावडेवीराला बायको? असेल बुवा कुठल्यातरी न वाचलेल्या अंकात. आपण अंक वाचलेले नाहीत हे चारचौघांत उघड व्हायला नको म्हणून त्याने ठोकून दिलं, "त्यांना ह्या वेळी फारसं काम नाहीये."

"अंत्यदर्शन कधी?"

वा, काय शब्द वापरला! परीक्षित खूश झाला. त्याने टाइप केलं, "पाडव्याला साडेदहा वाजता, शाळेच्या ऑडिटोरियममध्ये. सहकुटुंब या. नाश्ता आहे!"

"पाडव्यापर्यंत ठेवणार?" एका बाईंनी भीत भीत विचारलं.

"मुलगा भारतातून यायचा असेल," दुसऱ्या बाईंनी परस्पर उत्तर दिलं.

तेवढ्यात अंतराच्या फोनवर शोभाताईंचा फोन आला. शोभाताई म्हणजे मंडळाच्या खाण्यापिण्याच्या सर्वेसर्वा. शिट्टीसम्राज्ञी कोणावरून काढली हे आता वेगळं सांगायला नको. अंतराने फोन स्पीकरवर टाकला.

"अंतरा, ऐक. पिठलं-भाताची नावं भरली गं. तुम्ही नुसतं दही आणि तूप घेऊन जा. त्या घरात आज चूल पेटायची नाही."

"कोणाच्या घरात, शोभाताई?"

"असं काय करतेस? रवींद्रच्या! तुझ्याच नवऱ्याने तर कळवलं!"

परीक्षितने चहाचा कप खाली ठेवला. "काय? रवींद्र काका गेले? अरेरे! काय योगायोग बघा शोभाताई! फावडेवीर आणि रवींद्र काका, दोघं एकाच दिवशी!"

मग शोभाताई एकेक शब्द तोलत म्हणाल्या, "परीक्षित. ते दोघं एकच आहेत."

अंतराने कपाळाला हात लावला.

"तुम्ही त्यांच्या घरी फोन केलात का हो?" तिने विचारलं.

"अशा वेळी फोन करतात का? सरळ जायचं असतं! लोक केव्हाच निघालेत."

परीक्षितने घाईघाईने ग्रुपवर लिहिलं, "माफ करा! ते जिवंत आहेत!" ताबडतोब उत्तर आलं, "हो, आपल्या सगळ्यांच्या आठवणींत ते कायम जिवंत राहतील." आणि खाली जोडलेल्या हातांची रांग!

मग काय, अनयाला मागच्या सीटवर बसवून तिघं निघाले. सकाळपासून बर्फ पडत होतं. मार्च संपत आला तरी हिमासुराला कोणी सांगितलं नव्हतं. रस्ताभर परीक्षित एकच वाक्य घोकत होता, "मला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं." शेवटी अंतरा म्हणाली, "माहीत करून घ्यायचं नव्हतं, असं म्हण."

रवींद्र काकांच्या दारात गाड्यांची रांग होती आणि उंबऱ्याशी बुटांचा ढीग. आत काय घडलं होतं ते नंतर कळलं. पहिलं जोडपं आलं ते काकांच्या बायकोच्या, रेणू काकूंच्या, गळ्यात पडून रडायलाच लागलं. काकूंना वाटलं, ह्यांच्याच घरी काही झालं. त्याही रडल्या, त्यांना पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला. एवढ्यात आतून आंघोळ करून टॉवेलने डोकं पुसत रवींद्र काका बाहेर आले आणि म्हणाले, "कोण गेलं?"

आता ह्याला उत्तर काय देणार? 'तुम्ही' असं तोंडावर कसं सांगणार? "सहजच आलो होतो," असं म्हणून त्या दोघांनी पिठलं-भाताचा डबा पुढे केला. मग दुसरं कुटुंब सहजच आलं. त्यांच्याकडेही पिठलं-भात. चौथा डबा आल्यावर मात्र काकांनी एकाचा फोन हिसकावून घेतला आणि पोस्टर बघितलं.

परीक्षित आत शिरला तेव्हा रवींद्र काका आरामखुर्चीत बसून, गुडघ्यांवर शाल घेऊन, स्वतःच्या सुतकाचं पिठलं खात होते. भोवती सगळं मंडळ आपापल्या पायांकडे बघत उभं. आणि कोपऱ्यात कुमार काका. डोळे लाल. कापणारे हात मांड्यांमध्ये दाबून धरलेले. ते ही बातमी खरी समजून, रडत, बर्फातून स्वतः गाडी चालवत आले होते. आपण काढलेल्या मित्राच्या चित्राला हार घातलेला त्यांनी पाहिला होता. त्यांनी परीक्षितकडे एकदाच पाहिलं आणि मान वळवली.

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

"बाबा," अनया मोठ्याने म्हणाली, "इज ही डेड डेड, ऑर कॉमिक डेड?"

रवींद्र काका हसले. "कॉमिक डेड, बेटा." मग परीक्षितकडे वळून म्हणाले, "या, यमराज. बसा. पिठलं घ्या, माझ्याच नावाचं आहे."

"काका, मला खरंच... मी... तुम्ही म्हणजे ते, हे मला..."

"अरे, मला मारलंस त्याचं काही नाही. जानेवारीत अर्धा जाऊनच आलोय. एवढी माणसं भेटायला आली, हे काय कमी आहे? आता खरा जाईन तेव्हा कोणाला रजा मिळते, कोणाला नाही." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "पण फावडेवीराला का मारलंस?"

परीक्षित पिठल्याच्या डब्यांकडे बघायला लागला. आणि इथे अनया, जिला शाळेत शिकवलं होतं की प्रश्न विचारला की उत्तर द्यावं, ती बाबाच्या मदतीला धावली.

"बिकॉज एव्हरीबडी हॅज अ स्नोब्लोअर नाउ! सो व्हॉट्स ही फॉर?"

परीक्षितला वाटलं, धरणी दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. पण नोव्हायची धरणी बर्फाने गोठलेली, ती कसली दुभंगतेय!

रवींद्र काका खिडकीबाहेर बघत होते. त्यांच्या ड्राइव्हवेवर घोट्यापर्यंत बर्फ साचलं होतं.

"खरंच बोलतेय ती," ते म्हणाले. "डॉक्टरने सांगितलंय, फावड्याला हात लावायचा नाही. म्हटलं ठीक आहे. मी नाही तर नाही, अंकात तो तरी उचलतोय. त्याला कुठे बायपास झालीय!"

"काका, सुपरहिरो कायमचे मरत नाहीत!" परीक्षित कळवळून म्हणाला. "परत येतात! हा नियमच आहे कॉमिक्सचा! मी आणणारच होतो त्यांना परत, प्रॉमिस!"

"असं? कधी?"

"पाच-सहा अंकांनी."

काकांनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "अंक वर्षाला एक निघतो, परीक्षित. मी अठ्ठ्याहत्तरचा आहे."

परीक्षितला इतकी लाज वाटली, इतकी लाज वाटली की त्या घरात उभं राहणं त्याला अशक्य झालं. तो तडक बाहेर आला. गॅरेजच्या दाराशी फावडं टेकवलेलं होतं. त्याने ते उचललं आणि ड्राइव्हवेवर पहिला घाव घातला. घाव काँक्रीटवर बसला. दुसऱ्या घावाला बर्फ निघालं, ते त्याने वाऱ्याच्या दिशेने फेकलं, आणि वाऱ्याने ते जसंच्या तसं त्याच्या तोंडावर परत केलं. खिडकीत मंडळ उभं होतं. हातात ताटल्या होत्या.

शेजारचा गोरा आपला स्नोब्लोअर ढकलत मदतीला आला. इतक्यात घराचं दार उघडलं. डोक्याला माकडटोपी घालून रवींद्र काका उंबऱ्यात उभे होते. त्यांनी हात करून शेजाऱ्याला परत पाठवलं आणि ओरडले, "अरे, कमरेतून नाही! गुडघ्यातून! आणि वाऱ्याकडे पाठ कर, गाढवा!"

जानेवारीपासून त्यांचा एवढा मोठा आवाज कोणी ऐकला नव्हता, असं रेणू काकू नंतर म्हणाल्या. तेवढ्याने परीक्षितचा अपराध कमी होत नाही, पण सांगून ठेवलेलं बरं.

बर्फ संपलं तेव्हा परीक्षितची कंबरही संपली होती. तो कुमार काकांसमोर जाऊन उभा राहिला. "काका, मी कमिटीला सांगतो. पानं बंद करा म्हणून. माझी लायकी नाही."

कुमार काकांनी मान वर केली. मग त्यांनी शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. हात कापत होता.

"आधी बस," ते म्हणाले. "एकेका वीराची गोष्ट सांगतो. हे कोण, कुठून आले."

ह्या वेळी परीक्षित बसला.

निघताना रेणू काकूंनी त्याच्या हातात सगळे डबे दिले. धुऊन, पुसून, लखलखीत. "ज्याचे त्याला पोचते कर हो," त्या म्हणाल्या. "आणि रिकामे नको देऊस. रिकामा डबा परत करू नये."

म्हणजे प्रत्येक डब्यात अंतराच्या हातचे शंकरपाळे, आणि प्रत्येक दारात परीक्षित! दार उघडायच्या आधीच आतून आवाज यायचा, "कोण आहे?" आणि दार उघडणारा आत वळून सांगायचा, "यमराज आलेत, शंकरपाळे घेऊन." एका काकूंनी तर नवऱ्याला आधी आतल्या खोलीत पाठवलं आणि मगच डबा घेतला.

पाडव्याला अंक निघाला. पहिल्याच पानावर फावडेवीर होता, जिवंत, मिशांसकट, आणि छातीवर टाक्यांची उभी खूण. सबंध अंकात त्याने फावडं उचललं नाही. तो उंबऱ्यात उभा राहून इतरांवर ओरडत होता, आणि त्या आवाजानेच हिमासुर कॅनडात पळाला! लोकांनी अंक मागून मागून नेले. कार्यक्रमाला गर्दीही झाली. तीन कुटुंबं पांढरे कपडे घालून आली होती, कारण त्यांनी ग्रुपवर पुढचं काही वाचलंच नव्हतं. दारात रवींद्र काकांनी स्वतः त्यांच्या हातावर शिरा ठेवला. त्यातल्या एका बाईंना खुर्ची द्यावी लागली. कमिटीने त्याच दिवशी नियम केला की ग्रुपवर हार घातलेलं चित्र टाकण्याआधी संबंधित व्यक्तीला फोन करावा.

परीक्षितला मात्र अंकाचं शेवटचं पान आधी कोणी दाखवलं नव्हतं. ते कुमार काकांनी परस्पर छापायला दिलं होतं. कापऱ्या हाताने काढलेलं, रेघा वाऱ्यात हलल्यासारख्या. संघातला नवा भिडू. दोन्ही हातांत डब्यांच्या चळती, डोक्यावर बर्फ, चेहरा हुबेहूब परीक्षितचा. वर नाव, 'डबावीर'.

परीक्षितचे डोळे भरून आले. म्हणजे संघ आपला! आपण संघातसुद्धा! त्याने डोळे पुसून चित्राखालची ओळ वाचली.

'शक्ती : शोध चालू आहे.'